लांब बाह्यांची वर्षं

आमच्या जिल्ह्यात मनाच्या दुखण्याची नोंद व्हायची ती सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याचीच. ती नोंद व्हायलाच हवी होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. २०१५ साली सरकारनं शेतकरी आत्महत्या रोखायला बळीराजा चेतना अभियान हाती घेतलं तेव्हा राज्यातून दोनच जिल्हे निवडले होते, एक यवतमाळ आणि दुसरा आमचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव. त्याच सुमारास आरोग्य खात्याचा प्रेरणा प्रकल्प आला. मराठवाड्यातले आठ आणि विदर्भातले सहा अशा १४ जिल्ह्यांत आशाताई घरोघर फिरू लागल्या. झोप लागते का, जेवण जातं का, कशातच मन लागत नाही असं होतं का, जगून काय करायचं असं मनात येतं का, असं विचारून कागदावर खुणा करू लागल्या.

आमचं गाव वाशी तालुक्यात. आशाताई आमच्या घरी आल्या तेव्हा मी दिवाळीच्या सुट्टीला लातूरहून आलेली. सोयाबीन हातचं गेलं होतं, तुरीची आशा नव्हती. आप्पा ओसरीवर बसलेले. सगळ्या प्रश्नांना त्यांचं एकच उत्तर, "मला काय धाड भरलीय?" आशाताईंनी खुणा केल्या, चहा घेतला आणि पुढच्या घरी गेल्या. मी आत पीठ मळत होते. दाराआडून प्रत्येक प्रश्न ऐकू येत होता आणि प्रत्येकाला माझं उत्तर "हो" होतं. बारावीतल्या पोरीलाही हे प्रश्न विचारायचे असतात हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, माझ्याही नव्हतं. पीठ मळतानासुद्धा मी ड्रेसच्या बाह्या वर केल्या नव्हत्या. आई म्हणाली, "बाही बरबटली की गं, वर कर." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

आता मी याच जिल्ह्यात मुलींच्या एका वसतिगृहाची गृहपाल आहे. दरवर्षी जूनमध्ये नव्या मुली ट्रंका घेऊन येतात, आणि त्यांच्यात एखादी तरी उन्हाळ्यातही मनगटापर्यंत झाकलेली असते. तिच्यासाठी आणि तिच्या आईबापांसाठी हे लिहिते आहे. मी स्वतःला कशी इजा करून घ्यायचे ते लिहिणार नाही. ते वाचून कुणाचं भलं होत नाही, आणि जी त्या वाटेवर आहे तिला तर त्रासच होतो.

दहावीला मार्क चांगले पडले की आमच्याकडे लेकराला लातूरला टाकतात. आप्पांनीही टाकलं. क्लासची फी, खोलीचं भाडं, मेसचे पैसे. त्यासाठी एक म्हैस गेली आणि सोसायटीचं कर्ज थकलं. मला हे कुणी ऐकवलं नाही. घरात न ऐकवताही कळतं. रविवारी टेस्ट व्हायची, सोमवारी भिंतीवर यादी लागायची. आपलं नाव शोधायला वरून सुरुवात करायची की खालून, हे ठरवण्यातच माझ्या पोटात गोळा यायचा. गावात मी पहिली होते. इथं प्रत्येक गावातली पहिली येऊन बसली होती.

त्याच वर्षांत दुष्काळ. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. आम्ही मुली टँकर आला की वही टाकून घागरी घेऊन पळायचो. एप्रिल संपता संपता सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला की मेडिकलचे प्रवेश याच वर्षापासून देशभरच्या नीट परीक्षेवर होतील. आम्ही दोन वर्षं राज्याच्या सीईटीचा अभ्यास केलेला आणि सीईटी आठवड्यावर आलेली. पुढं मे महिन्यात वटहुकूम निघाला, सरकारी जागांपुरती त्या वर्षी सीईटी चालली. पण मधले ते दिवस आमच्या खोलीत कुणीच कुणाशी नीट बोललं नाही.

तरीही परीक्षेमुळे मी हे करू लागले, असं म्हणणं खरं ठरणार नाही. लोकांना एक कारण लागतं. नापास झाली, प्रेमभंग झाला, बाप रागावला. माझ्या बाबतीत असं बोट ठेवण्याजोगं काही नव्हतं. मला राग यायचा तो मी गिळायचे, रडू यायचं ते दाबायचे, कारण ज्या घरानं माझ्यासाठी म्हैस विकली त्या घरासमोर रडायचा हक्क आपल्याला नाही असं माझं मत झालं होतं. हे साचलेलं अंगावर निघू लागलं. त्यानंतर थोडा वेळ डोकं शांत व्हायचं, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. नाहीतर कुणी दुसऱ्यांदा तसं का करेल? पण ती शांतता फार थोडा वेळ टिकायची. मग लाज यायची, मग लपवालपवी, आणि लाजेचं ओझं इतकं व्हायचं की त्यापायी पुन्हा तेच. पुढं पुढं तेवढ्यानं भागेनासं झालं. ज्यानं बरं वाटतं म्हणून सुरू झालं, त्यानंच मी आणखी एकटी पडले.

मला मरायचं नव्हतं. हे त्या काळात कुणाला पटलं नसतं. पुढं भेटलेल्या समुपदेशक ताईंनी मात्र या वाक्याला मान दिला आणि लगेच दुसरी बाजूही सांगितली. स्वतःला इजा करणारी प्रत्येक व्यक्ती मरायला निघालेली नसते. पण अशा व्यक्तीला पुढं आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून या गोष्टीनं घाबरून आकाशपाताळ एक करायचं नाही, आणि या वयात असं होतंच म्हणून सोडूनही द्यायचं नाही.

"लक्ष वेधून घ्यायला करतात" हे वाक्य मी शिक्षकांकडून, नातेवाइकांकडून, शिकलेल्या माणसांकडून ऐकलं आहे. त्यांना मला मराठवाड्यातला मे महिना दाखवावासा वाटतो. बाहेर ४२ अंश, पत्र्याची खोली, लाइट गेलेली आणि अंगात लांब बाह्यांचा ड्रेस. लग्नात, हळदीत, न्हाणीघरातून बाहेर येताना, नदीवर कपडे धुताना, सतत हाताची काळजी. असं लपवत जगणारी मुलगी लक्ष वेधून घेते आहे, असं म्हणणाऱ्यानं तिच्याकडे कधी लक्ष दिलेलंच नसतं. आणि समजा एखाद्या लेकरानं खरंच आपल्याकडे लक्ष जावं म्हणून केलं असेल, तर त्याला लक्षाची किती गरज असेल, हे तरी बघायला नको का?

एकदा जखम चिघळली म्हणून मी एकटीच एका दवाखान्यात गेले. कोणत्या गावी ते नको. पट्टी करणाऱ्या माणसानं हात बघितला आणि मोठ्यानं म्हणाला, "पोलीस केस होईल बरं का ही." बाहेर बसलेल्यांनी माना वळवल्या. आतल्या डॉक्टरांनी पाचेक मिनिटं आईबापाच्या कष्टांबद्दल भाषण दिलं, मलम दिलं, पैसे घेतले. हे कशानं झालं, का झालं, पुन्हा होईल असं वाटतं का, यातलं एकही विचारलं नाही. त्यानंतर मी दवाखान्याची पायरी चढायचंच सोडलं.

ती पोलीस केसची भीती गावोगाव आहे, म्हणून थोडं कायद्याचं सांगते. जुन्या दंडसंहितेत ३०९ कलमाखाली आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ मध्ये लागू झाला. त्याच्या ११५ व्या कलमानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच आधी धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही. तिची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ३०९ सारखं सरसकट कलम ठेवलेलंच नाही. गुन्हा नोंदवतील या भीतीनं लेकराला दवाखान्यात न नेण्याचं आता काही कारण नाही. हे मी पालकसभेत दरवर्षी सांगते, आणि सभा संपल्यावर कुणीतरी एकजण मागं थांबून ते पुन्हा विचारतं.

मेडिकलला नंबर लागला नाही. मी धाराशिवला बी.एस्सी.ला आले. गाव बदललं, अभ्यास हलका झाला, तरी सवय सुटली नाही. खरा बदल सुरू झाला तो चुलतबहिणीच्या लग्नात.

चुडा भरायला कासारीण आली होती. साठीच्या पुढची बाई, अंगणात सतरंजी टाकून बसलेली, समोर हिरव्या बांगड्यांचे तोडे. घरातल्या सगळ्या बायका-पोरींचे हात भरून झाले, मी आत लपले होते. काकूनं ओढून आणलं. कासारणीनं माझा हात धरला, बाही सारली आणि थांबली. मी हात ओढला, तिनं सोडला नाही. घट्टही धरला नाही. माझ्या चेहऱ्याकडं एकदा बघितलं, मग अंगणाकडं पाठ करून बसली, म्हणजे तिच्या पदराआड माझा हात कुणाला दिसू नये. हातातल्या बांगड्या बाजूला ठेवून मोठ्या मापाच्या घेतल्या. खोबरेल तेलाचं बोट लावून एकेक बांगडी, कुठं घासणार नाही अशी, हळूहळू चढवली. तोंडानं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होती, "नाजूक हात हाय पोरीचा, वेळ लागतो." मग आवाज खाली आणला.

"दुखतंय का अजून?"

"नाही."

"कुणाला ठावं हाय का?"

मी मान हलवली. नाही.

"एकाला तरी सांग माय. आईला नको वाटत असलं तर दुसऱ्या कुणाला. पण सांग."

तिनं कारण विचारलं नाही, आणि काकूलाही काही सांगितलं नाही, हे मला नंतर कळलं. इतक्या वर्षांत माझ्या हाताकडं बघून पहिला प्रश्न "दुखतंय का" असा विचारणारी ती पहिली. मी त्या दिवशी मांडवामागं जाऊन खूप रडले आणि त्या रात्री स्वतःला काही केलं नाही. ती कासारीण शिकलेली नव्हती, समुपदेशक नव्हती. तिनं तिच्या कामात हजारो हात धरले होते आणि हात कसा धरायचा ते तिला येत होतं.

कॉलेज सुरू झाल्यावर मी वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना सांगितलं. सांगायचं ठरवून पुष्कळदा त्यांच्या दारातून परत फिरले होते. शेवटी प्रयोगशाळेत सगळे गेल्यावर नुसती बाही वर केली. मॅडम दचकल्या, ते मला दिसलं. पण त्यांनी स्वतःला सावरलं, स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या आणि सरळ विचारलं, "आत्ता या घडीला स्वतःला काही करावंसं वाटतंय का? जीव द्यावा असं मनात येतं का?"

पुष्कळांना वाटतं, असं थेट विचारलं तर नसलेला विचार पोराच्या डोक्यात शिरेल. तसं होत नाही, हे या विषयातल्या संशोधनानं पुन्हा पुन्हा दाखवलं आहे, आणि माझ्या अंगावरून सांगते, त्या प्रश्नानं मला इतकं हलकं वाटलं की उत्तर द्यायच्या आधी मी नुसती श्वास घेत बसले. जे बोलायची सोय नाही असं वाटत होतं ते समोरच्या माणसानंच उच्चारलं होतं.

मी म्हणाले, "घरी सांगू नका." मॅडमनी तसं वचन दिलं नाही. त्या म्हणाल्या, "तुझ्या जिवाचा प्रश्न आला तर मला सांगावं लागेल. पण तुझ्या पाठीमागं नाही सांगणार. तुझ्यासमोर, तू आणि मी मिळून सांगू." तेव्हा मला ते आवडलं नव्हतं. आज माझ्यापाशी येणाऱ्या मुलींना मी हेच शब्द सांगते, कारण खोटं वचन देऊन मिळवलेला विश्वास पहिल्या अडचणीत तुटतो.

जिल्ह्याच्या ठिकाणी मनाच्या आजारांची ओपीडी असते, तिथं केसपेपर काढून दाखवता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं. देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे, तरी आमच्या गावात "मनाचा डॉक्टर" म्हटलं की येरवड्याच्या मनोरुग्णालयाचं नाव घेत. मॅडम पहिल्यांदा सोबत आल्या. बाकावर माझ्या एका बाजूला दारू सोडायला आलेला माणूस आणि त्याची बायको, दुसऱ्या बाजूला झोप उडालेली ओली बाळंतीण, तिची आई बाळाला मांडीवर थोपटत होती. एक म्हातारे शेतकरी फेटा मांडीवर ठेवून बसलेले. मला वाटलं होतं तसं तिथं काहीही नव्हतं. ती आमच्याच तालुक्यांतली माणसं होती.

डॉक्टरांनी काही महिन्यांसाठी गोळ्या दिल्या. सुरुवातीला तोंडाला कोरड पडायची, सकाळी उठवायचं नाही. दोनदा गोळ्या बंद कराव्या वाटल्या. डॉक्टरांना न विचारता बंद करायच्या नाहीत, हे तेव्हा कुणीतरी नीट बजावलं म्हणून निभावलं. पण मला खरं उभं केलं ते समुपदेशक ताईंबरोबरच्या बोलण्यानं. त्यांनी पहिल्या भेटीत "हे बंद कर" म्हटलं नाही. आधी विचारलं की त्याच्या आधी काय घडतं. सोमवारची यादी, घरचा फोन, उपाशी पोट, अपुरी झोप, एकटी खोली. असं लिहून काढल्यावर दिसलं की ते आभाळातून कोसळत नव्हतं, त्याला वाटा होत्या.

मग त्यांनी शिकवलं की ती तीव्र इच्छा लाटेसारखी असते. चढते, माथ्यावर येते आणि आपण काहीच केलं नाही तरी उतरते. लाट उतरेपर्यंतचा वेळ काढायला शिकायचं. चेहऱ्यावर गार पाणी मारलं की हृदयाचे ठोके मंदावतात, हे शरीराचंच शास्त्र आहे. आमच्याकडे फ्रिज नव्हता, रांजण होता. मी रात्री उठून रांजणातल्या पाण्यात तोंड बुडवायचे. झपाझप जिना चढउतार करायचा. त्या खोलीत, त्या वस्तूंसोबत एकटं बसायचं नाही, त्या वस्तू मैत्रिणीकडं देऊन टाकायच्या. आणि एका कागदावर लिहून ठेवायचं: मला आता धोका आहे हे कशावरून ओळखू, स्वतः काय करीन, कुणाकडं जाईन, कुणाला फोन करीन, कुठल्या दवाखान्यात जाईन. माझा तो कागद पाकिटात घडीवर फाटला, मग दुसरा लिहिला.

पुढं समाजकार्याचं शिक्षण घेताना समजलं की यातलं पुष्कळ मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी बसवलेल्या उपचारपद्धतीतलं आहे. आणि २०११ साली त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं की त्या तरुणपणी स्वतःला इजा करत असत, १९६१ मध्ये १७ वर्षांच्या असताना त्यांना मनोरुग्णालयात दाखल केलं होतं. तुम्हीही आमच्यातल्याच का, असं त्यांच्या एका रुग्ण बाईनं त्यांना विचारलं होतं म्हणे. हे वाचलं त्या दिवशी मी ग्रंथालयातून उठून बाहेर गेले आणि बराच वेळ कट्ट्यावर बसून राहिले. ज्या बाईनं वाट दाखवली ती त्याच वाटेनं आली होती.

घरी सांगितलं ते ओपीडीतच. आप्पांना मॅडमनी फोन करून बोलावलं. ते एसटीनं आले, धोतराला चिखल तसाच. मी हात दाखवला. आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पैशापायी केलंस का हे?" मी नाही म्हणाले, पण ते खरं नव्हतं हे त्यांना कळलं आणि ते कळलं हे मला कळलं. समुपदेशक ताईंनी मला बाहेर बसवलं आणि त्यांच्याशी बोलल्या. आप्पांनाही त्यांनी झोपेचं, भुकेचं, मनात येणाऱ्या विचारांचं विचारलं. बाहेर आले तेव्हा त्यांच्याही हातात केसपेपर होता. परतताना बसस्टँडवर त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि म्हणाले, "मलाबी तारीख दिलीय. दोघं संगंच येत जाऊ." आम्ही येत गेलो.

आईचं वेगळं. तिला दवाखाना पटायला वेळ लागला. तिनं येरमाळ्याच्या येडाईला नवस बोलला. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेला मला घेऊन गेली, पालखीच्या वाटेवर लाखो माणसांत आम्ही दोघी चुनखडी वेचत होतो. मी तिला अडवलं नाही. तिच्या हाताला त्यानं काम मिळालं आणि मलाही आईच्या शेजारी न बोलता चालायला मिळालं. फक्त गोळ्यांचं पाकीट बरोबर घेतलं होतं. देवीला जाणं आणि गोळी घेणं यात कुठलं एक निवडावं लागत नाही, हे मी आता आयांना पहिल्यांदा सांगते; मग त्या पुढचं ऐकून घेतात.

"उद्या सोयरीक कशी जमायची?" हा प्रश्न मात्र घरात पुष्कळ दिवस होता. भावकीत कुजबुज झाली. एका मावशीनं हातावर लावायला मलमं पाठवली. व्रण फिके झाले, गेले नाहीत. कुणी विचारलं तर मी माणूस बघून उत्तर देते. सगळ्यांना सगळं सांगायचं बंधन माझ्यावर नाही.

मैत्रिणींबद्दल एक सांगायला हवं, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. माझी खोलीतली मैत्रीण माझ्यासाठी रात्र रात्र जागली. तिला ते झेपलं नाही. तिचे पेपर वाईट गेले, ती चिडचिडी झाली आणि एकदा म्हणाली, "तुला काही झालं तर माझ्यावर येईल, मला भीती वाटते." मला तेव्हा फार लागलं. पण ती बरोबर होती. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरीनं दुसऱ्या पोरीचा जीव एकटीनं सांभाळावा ही अपेक्षाच चूक. मैत्रिणीचं काम सोबत बसायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. गुपित ठेवायला लावलं असेल तरी सांगायचं.

सवय एका झटक्यात गेली नाही. मध्ये बरेच महिने चांगले गेले आणि पुन्हा घडलं. मी ताईंकडे तोंड लपवत गेले. त्या म्हणाल्या, "आधीचे महिने पुसले गेले नाहीत. त्या दिवशी काय घडलं ते बघू." आम्ही बघितलं. पुढं २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आप्पा ऑक्सिजनवर होते, मी हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर. ती इच्छा तशीच जोरात आली. मी कागद काढला आणि त्यावरच्या पहिल्या नंबरला फोन लावला. फोनवर मैत्रीण म्हणाली, "बोलू नको, नुसती थांब." फोन चालू ठेवून आम्ही दोघी गप्प होतो. उतरली ती लाट. आप्पाही घरी आले.

आमच्या वसतिगृहात एक प्रस्ताव आला होता, दर रविवारी सगळ्या मुलींचे हात तपासायचे. सुचवणाऱ्यांच्या मनात काळजीच होती. मी कडाडून विरोध केला. रांगेत उभं करून बाह्या वर करायला लावल्या तर मुली हात सोडून दुसरी जागा शोधतील आणि आपल्यापासून कायमच्या दूर जातील. त्याऐवजी रोज रात्री जेवणानंतर मी पडवीत बसते. कुणी बटण लावायला सुई मागायला येतं, कुणी घरचा राग सांगायला. एकेकीला मी बाजूला घेऊन सरळ विचारतेही. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा "कासव" मी मुलींना दाखवते, ज्याला सुवर्णकमळ मिळालं. त्यातली जानकी त्या कोसळलेल्या मुलाला घरी आणते तेव्हा त्याच्या नावागावाची खोदून चौकशी करत नाही, आधी त्याला निवारा देते. मुलींना तेवढंच नीट समजतं, त्यावर मी व्याख्यान देत नाही.

सरकारी नोंदींनुसार २०२२ साली देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांत सर्वांत वर महाराष्ट्र होता. लांब बाह्यांआड जे घडतं ते या आकड्यात येत नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत निर्देश दिले, त्यात १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा असं आहे. माझं म्हणणं, निवासी संस्थेत मुलं १०० असोत की ४०, समुपदेशक हवाच, आणि तो परंडा-भूमच्या पोराला अर्ध्या दिवसाची एसटी न करता भेटला पाहिजे. एसटीचं भाडं, बापाचा बुडालेला रोज आणि कॉलेज बुडालं म्हणून भरावा लागणारा दंड, एवढ्यावरून उपचार सुटलेले मी बघितले आहेत. तोवर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाला, फुकट आहे, रात्रंदिवस लागतो, मराठीत बोलता येतं. आमच्याकडे तो पाण्याच्या टाकीशेजारी रंगवला आहे, कारण नोटीसबोर्डासमोर उभं राहून तो लिहून घ्यायला मुली लाजतात, पाणी भरताना कुणी बघत नाही.

परवा एका मुलीचे मामा आले होते. मुलगी दोन महिन्यांपासून उपचार घेते आहे, बोलायला लागली आहे, सेमिस्टरचा फॉर्म भरला आहे. मामांनी खुर्चीवर बसल्या बसल्या विचारलं, "मॅडम, हिचं पुढं कसं व्हायचं? लग्नात सांगावं लागंल का?" मी म्हटलं, "मामा, ते तिचं ती ठरवील, आधी बी.ए. होऊ द्या. गोळ्या मंगळवारी संपतायत. तिच्यासोबत तुम्ही जाणार की मी जाऊ, तेवढं आत्ता सांगा." ते थोडा वेळ गप्प बसले. मग खिशातून डायरी काढून विचारलं, ओपीडी किती वाजता सुरू होते.